तोंडी मुदत

घराच्या फाटकाशी आले की ऑरिन हॅस्केल उजव्या हाताचा मोजा काढून कोटाच्या खिशात घालत. डावा हातातच राही. टॅलो क्रीकमध्ये हिवाळा सात महिने मुक्काम ठोकतो, म्हणजे वर्षातले सात महिने, रविवार सोडून रोज, पावणेनऊला हे चाले. फाटकापासून कोर्टापर्यंत चार चौक. वाटेत न्हावी, लोहार, पोस्टातली बाई, रेल्वेचा गँगमन, जो भेटेल त्याच्याशी हात मिळवायचा. मोजा घालून हात मिळवणं म्हणजे दार न उघडता आतूनच ‘या’ म्हणण्यासारखं आहे, असं त्यांचं मत होतं.

ऑफिसात पोचेपर्यंत हात लालबुंद झालेला असे आणि बोटांच्या सांध्यांवर भेगा पडलेल्या असत. लेना ओस्टबी शेगडीत लाकूड सरकवत म्हणे, “हॅस्केलसाहेब, निवडणूक होऊन गेली. आता तरी मोजा घाला.”

“निवडणूक चार वर्षांनी येते, लेना. माणसं रोज भेटतात.”

लेना अठराव्या वर्षी त्यांच्या ऑफिसात टंकलेखनासाठी आली. तिचे आईवडील नॉर्वेहून येऊन मोंटानाच्या या माळावर जमीन कसत होते. आता ती चौतीस वर्षांची होती, आणि हॅस्केलसाहेबांचं अक्षर त्यांच्या बायकोपेक्षाही तिला चांगलं लागत असे. साहेब अठ्ठावन्न वर्षांचे होते. गावात वकिली करत, आणि तीन वेळा निवडून आलेले राज्याच्या सिनेटचे सभासदही होते. दर दुसऱ्या वर्षी जानेवारीत हेलेनाला अधिवेशन भरे, घटनेनं घालून दिलेले साठ दिवस चाले, आणि ते साठ दिवस लेना त्यांची कारकून म्हणून राजधानीत असे. उरलेले दिवस कुंपणाच्या वादात, पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांत, मृत्युपत्रांत आणि भटक्या घोड्यांत जात.

गावात वकील दोनच. हॅस्केल आणि सरकारी वकील डॅन टिलरी. सकाळी कोर्टात दोघं एकमेकांचे वाभाडे काढत आणि दुपारी हॉटेलात एकाच टेबलावर ‘अॅपल पाय’ खात. तारखेचं काम असंच बोलता बोलता उरकायचं. “डॅन, दोन आठवडे लागतील मला.” “घे की.” झालं. लेनानं सोळा वर्षांत त्या टेबलावर कागद निघालेला पाहिला नव्हता. न्यायाधीशांनाही हे ठाऊक होतं. ते कधीकधी त्याच टेबलावर बसलेले असत.

१९२०च्या सप्टेंबरात वासिले प्रोदानचा खटला उभा राहिला. हा रुमानियाच्या डोंगरातला मेंढपाळ. दोन हजार मेंढ्या, दोन कुत्री आणि चाकांवरची एक लाकडी खोली घेऊन वर्षातले अकरा महिने एकटा माळावर. महिन्यातून दोनदा एक माणूस त्याला शिधा पोचवायचा. तो माणूस एके दिवशी त्या खोलीच्या पायरीशी गोळी लागून मेलेला सापडला. एक कुत्रंही मेलेलं होतं. शेरीफ गस मॅकॉलीनं प्रोदानला विचारलं, “तू मारलंस?” प्रोदान म्हणाला, “यस.” “मुद्दाम?” “यस.” “पळून जाणार होतास?” “यस.” शेरीफनं ते लिहून घेतलं.

हॅस्केलना कोर्टानं आरोपीचा वकील नेमलं. त्यांनी पहिल्याच दिवशी दुभाषा मागितला. न्यायाधीश म्हणाले, “काय गरज आहे? माणूस स्पष्ट उत्तरं देतोय.” ज्यूरी चाळीस मिनिटांत परत आली. फाशी. त्या काळी मोंटानात ज्या परगण्याचा गुन्हेगार त्यानंच त्याला फाशी द्यायची, आपल्याच तुरुंगाच्या आवारात, शेरीफच्या हातून.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना साहेब निर्धास्त होते. “हा निकाल हेलेनात टिकायचा नाही, लेना. ज्याला भाषा कळत नाही त्याचा कबुलीजबाब? वरचं कोर्ट एका सकाळीत फिरवेल.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. नंतर रेल्वेच्या छावणीतला एक रुमानियन आचारी सापडला. तो प्रोदानशी त्याच्या भाषेत बोलला, आणि सगळं बाहेर आलं. शिध्यावरून बाचाबाची झाली, त्या माणसानं चिडून कुत्र्यावर गोळी झाडली, बंदुकीची झटापट झाली, बंदूक उडाली. हे वरच्या कोर्टासमोर जायला हवं होतं, आणि जायला साठ दिवसांची मुदत होती. मुदत चोवीस नोव्हेंबरला संपत होती. खटल्याची सगळी जबानी लघुलेखनातून उतरवून, टंकलिखित करून सोबत जोडायची होती. एवढंच काम.

पण कोर्टाचे लघुलेखक फिंच एकाहत्तर वर्षांचे. ऑक्टोबरात पायऱ्यांवरून घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. मग ते आपल्या वह्या घेऊन लेनासमोर बसत, स्वतःच्याच खुणा डोळे बारीक करून वाचत, आणि लेना टाइप करी. दुपारी दोननंतर फिंच वाक्याच्या मध्येच झोपी जात. लेना पुढचा शब्द येण्याची वाट पाहत बसे. आणि साहेब? साहेब ऑक्टोबरभर फोर्ड गाडी घेऊन शाळाशाळांतून मतं मागत होते. चौथ्यांदा निवडून आले. डॅन टिलरी मात्र पडला. युद्धावरून परतलेल्या, शहरात कायदा शिकलेल्या एका तरुणानं त्याला पाडलं. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी टिलरीला खुर्ची सोडायची होती.

वीस नोव्हेंबरला निम्मीच जबानी टाइप झाली होती.

त्या दिवशी कोर्टाच्या ओसरीत साहेबांना टिलरी भेटला. मागे लेना कागदांचा गठ्ठा घेऊन उभी होती. पडलेल्या माणसासारखाच दिसत होता तो. दाढी दोन दिवसांची, कॉलर एका बाजूनं सुटलेली.

“डॅन, प्रोदानच्या कागदांना महिनाभर लागेल. फिंचचं मनगट...”

“घे की. लागेल तेवढा घे.” टिलरी हसला. “माझ्याकडे द्यायला आता तेवढंच उरलंय.”

साहेबांनी हात पुढे केला. त्यानं तो धरला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

ऑफिसात आल्यावर लेना म्हणाली, “संमतीचा छापील कागद आहे खणात. भरून त्यांची सही घेऊन येऊ का? दोन मिनिटांचं काम.”

साहेब टोपी खुंटीला अडकवत होते. त्यांनी मान वळवली नाही.

“लेना, सबंध परगण्यानं तीन आठवड्यांपूर्वी त्याला सांगितलंय की तुझ्यावर आमचा भरवसा नाही. आता मीही जाऊन सही मागू? म्हणजे त्याचा शब्दही पडला म्हणायचं.”

लेनानं उघडलेला खण परत लावला. खरं तर तिला त्या क्षणी साहेब फार आवडले. पुढे कितीतरी वर्षं तिला आठवत राहिलं ते हेच. त्या चुकीचा तिला राग आला नव्हता, अभिमान वाटला होता.

कागद बावीस डिसेंबरला हेलेनाला गेले. जानेवारीत नवा सरकारी वकील खुर्चीत बसला, त्यानं फाइल उघडली, आणि अपील मुदतीनंतरचं असल्यानं फेटाळावं असा अर्ज केला. त्यात त्याचा दुष्टावा नव्हता. साहेब आणि लेना अधिवेशनातून शनिवार-रविवारी गावी आले तेव्हा तो ऑफिसात येऊन सांगूनही गेला. “मिस्टर हॅस्केल, मला फाइलमध्ये मुदतवाढीचा कागद सापडला नाही. असला तर द्या, मी अर्ज मागे घेतो.”

तो गेल्यावर तासाभरात टिलरी आला. दार आतून लावून घेतलं.

“लेना, मशिनीत कागद घाल.”

लेनानं साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीशी होते.

“वीस नोव्हेंबर, एकोणीसशे वीस,” टिलरी म्हणाला. “आम्ही दोघं संमतीनं तीस दिवसांची मुदत वाढवतो. खाली माझी सही, त्याची सही. कोण विचारायला येतंय?”

“तारीख खोटी पडेल, डॅन.”

“तारीख खोटी. गोष्ट खरी. मी तुला मुदत दिली होती की नाही?”

“दिली होतीस.”

“त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी.”

“मग कागदावर तेच येणार ना? का त्या मेंढपाळाला तुझ्या सोवळ्यापायी लटकवायचं ठरवलंयस?”

लेनानं कागद घातला होता. तिनं महिन्याचं नाव टाइप केलं. वीसचा दोन उमटला. 

“काढ तो कागद,” साहेब म्हणाले.

“साहेब...”

“काढ म्हटलं ना. तीस वर्षं मी त्या कोर्टापुढे जे मांडलं ते खरं मांडलं. हेही खरंच मांडू. डॅन, तू शपथेवर लिहून दे, मुदत दिली होती, तोंडी दिली होती. वरचे न्यायाधीश मला ओळखतात.”

टिलरीनं शपथेवर लिहून दिलं. लेनानंच ते टाइप केलं, खऱ्या तारखेनं. टिलरी सही करताना म्हणाला, “ऑरिन, तू चांगला माणूस आहेस. आज मला तुझी भीती वाटतेय.”

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निकाल आला. दीड पान. वकिलांमधली संमती लेखी नसेल तर ती संमतीच नव्हे. तीस वर्षं वकिली केलेल्या गृहस्थांना हा नियम माहीत असायला हवा. अपील फेटाळण्यात येत आहे. लेनानं तो हेलेनात, बोर्डिंग हाऊसच्या जेवणाच्या टेबलाशी वाचून दाखवला, कारण अधिवेशन चालू होतं. साहेबांनी काट्यावरचा बटाटा परत ताटात ठेवला.

“बरोबर लिहिलंय,” ते म्हणाले. “मी त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं.” आणि थोड्या वेळानं, “तो दोनचा आकडा. तू टाइप केलेला. तो कागद आहे का गं अजून?”

“शेगडीत घातला.”

“हं.”

आता तो असूनही उपयोग नव्हता. मुदत तोंडी होती असं टिलरीच्या सहीनं कोर्टाच्या दप्तरात लागलं होतं. फाशीची तारीख ठरली, अकरा मार्च.

साहेब गव्हर्नरकडे गेले. गव्हर्नर त्यांच्याच पक्षाचे. त्यांनी पाठीवर हात ठेवला. “ऑरिन, तिकडचे मेंढ्यांचे मालक माझ्या दारात बसलेत. मी एकट्याच्या सहीनं माफी दिली तर मला फाडून खातील. तू कायदा आण. विधिमंडळानं पास केला की पाच मिनिटांत सही करतो, आणि मग त्याच्या आडोशानं फाशीही थांबवतो.”

म्हणून विधेयक. चार ओळींचं होतं. देहान्ताची शिक्षा झालेल्या माणसाचं अपील केवळ वकिलाच्या चुकीमुळे मुदतबाह्य ठरणार नाही. वकिलाच्या चुकीमुळे. साहेबांनी ते शब्द स्वतः घातले. लेना म्हणाली, “‘काही कारणाने’ असं लिहिलं तरी चालेल की.” त्यांनी नकारार्थी मान हलवली.

पुढचे पाच आठवडे लेनानं साहेबांना असं पाहिलं जसं आधी कधी पाहिलं नव्हतं. ते सिनेटच्या व्हरांड्यात माणसांच्या बाह्या धरत. ज्यांच्या विधेयकांना वर्षानुवर्षं विरोध केला त्यांना मत देत. टॅलो क्रीकच्या पुलासाठी लोक नऊ वर्षं वाट पाहत होते. त्या पुलाची तरतूद त्यांनी आपल्या हातानं दुसऱ्या परगण्याला सोडली, तिथल्या सिनेटरच्या मताच्या बदल्यात. गावातून तार आली, ‘आम्ही तुम्हाला पुलासाठी पाठवलं होतं.’ त्यांनी ती घडी करून पाकिटात ठेवली. रात्री झोपत नसावेत, कारण सकाळी कॉलर तीच असे.

“ऑरिन, तुझं काय बिघडतंय?” एकानं जेवताना थट्टेत विचारलं. “त्या मेंढपाळाला मत आहे का तुमच्याकडे?”

“मत नाही,” साहेब म्हणाले. “माझी चूक आहे त्याच्याकडे.”

विधेयक समितीत अडकलं, सुटलं, खालच्या सभागृहात गेलं. तिथं कोणीतरी एक किरकोळ दुरुस्ती चिकटवली. म्हणजे शेवटच्या मतासाठी ते पुन्हा सिनेटमध्ये येणार होतं. आलं ते साठाव्या दिवशी, तीन मार्चला सकाळी. यादीत तेविसावं.

घटनेप्रमाणे त्या दिवशी दुपारी बाराला अधिवेशन संपायचं. आजवर ते कधी बाराला संपलं नव्हतं. बाराला दहा मिनिटं असताना द्वारपाल शिडी घेऊन आला, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा लंबक बोटानं थांबवला, आणि काचेवर आपली टोपी अडकवली. सभागृहात टाळ्या पडल्या, कोणीतरी आरवून दाखवलं. दर अधिवेशनाला हीच गंमत. आता काम संपेपर्यंत, तीन वाजोत की पाच, सिनेटच्या नोंदीत अकरा पन्नासच राहणार होते.

कारकुनांच्या बाकावरून लेना वाकली. साहेब पुढच्याच रांगेत होते.

“तारीख खोटी नको म्हणालात,” ती हळूच म्हणाली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. “आणि हे?”

साहेबांनी टोपीखालच्या घड्याळाकडे पाहिलं.

“हे खोटं आहे ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे, लेना. यात कोणी फसत नाही.”

लेनाला ते पटलं की नाही हे तिलाही कळलं नाही. तिला एवढंच वाटलं, पटो न पटो, हे घड्याळ असंच राहू दे.

कोल्ह्यांच्या शेपटांवरचं बक्षीस पास झालं. दुधाच्या भेसळीचं पास झालं. दोन परगण्यांच्या सीमेवर पाऊण तास भांडण झालं. एक वाजला, दीड वाजला; लेना आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे चोरून पाही. बारावं विधेयक. चौदावं. ज्यांची कामं झाली ते टेबलं आवरू लागले. पूर्वेकडची गाडी दोन चाळीसला सुटत होती, आणि ती चुकली तर पुढची दुसऱ्या दिवशी. कोणी सिगारेटच्या निमित्तानं बाहेर गेला तो आत आला नाही. कोणी पाया पडल्यासारखं वाकून मागच्या दारानं गेला. सभागृहातलं घड्याळ थांबलं होतं. स्टेशनातलं कोणी थांबवलं नव्हतं.

विसावं विधेयक चालू असताना साहेब उठून डोकी मोजू लागले. गणसंख्येला अठ्ठावीस लागत. अठ्ठावीस होते. त्यांनी पुन्हा मोजलं. सव्वीस.

ते पळाले. लेनानं त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. ती त्यांची टोपी घेऊन मागून धावली. टॅक्सी मिळाली. स्टेशनावर इंजिन वाफ सोडत उभं होतं. सिनेटर बॉवेन डब्याच्या पायरीवर, हातात बायकोसाठी घेतलेल्या संत्र्यांची पिशवी. याच बॉवेनच्या परगण्याला टॅलो क्रीकचा पूल गेला होता.

“बॉवेन, खाली उतर. दोन माणसं कमी आहेत. वीस मिनिटं फक्त.”

“अरे ऑरिन! घड्याळ तर बंदच आहे ना? मग घाई कसली?”

“गणसंख्या गेली. उतर, मी तुला उद्या गाडीत बसवून देतो, माझ्या खांद्यावर बसवून नेतो म्हण. उतर.”

“हे बघ, साठ दिवस झाले घर सोडून. धाकटीला डांग्या खोकला आहे. तुझं विधेयक चांगलंय, मी सगळ्यांना सांगितलंय चांगलंय म्हणून. पुढच्या खेपेला आण. पहिलं मत माझं.”

“पुढची खेप दोन वर्षांनी आहे.”

“मग? दोन वर्षं काय, अशी जातात.”

साहेबांनी त्याच्या कोटाची बाही धरली. “आठ दिवसांनी लटकवणार आहेत त्याला. आठ दिवसांनी. तू मला शब्द दिला होतास, बॉवेन.”

“मत देईन म्हणालो होतो. बसून राहीन असं कुठं म्हणालो होतो?” बॉवेन कळवळून म्हणाला. खरंच कळवळून. त्याला वाईट वाटत होतं. गाडी हलली. साहेब बाही धरून चार पावलं, सहा पावलं चालत राहिले. मग लेनानं मागून त्यांचा हात सोडवला. पिशवी फाटली आणि दोन संत्री फलाटावर घरंगळली.

परत आले तेव्हा सभागृहात तेवीसजण होते. अध्यक्षांनी गणसंख्या नसल्याचं जाहीर केलं, प्रार्थना झाली. द्वारपाल शिडीवर चढला, टोपी काढली, काटे पुढे सरकवले आणि लंबकाला हात लावला. सव्वातीन वाजता सिनेटच्या घड्याळात बाराचे ठोके पडले.

गव्हर्नरांनी पाच मिनिटं दिली. “कायदा कुठाय, ऑरिन?” त्यांनी विचारलं. साहेब गुडघ्यांवर बसले, गालिच्यावर, खुर्ची समोर असताना. दाराशी उभ्या लेनानं मान वळवली. गव्हर्नर म्हणत होते, “ऊठ, ऊठ, देवासाठी ऊठ, हे काय वय आहे?” त्या आवाजात सहानुभूती होती आणि नकारही.

दहा मार्चला साहेब तुरुंगात गेले. सोबत तो आचारी होता, दुभाषा म्हणून. सहा महिने उशिरानं. लेनाही गेली, काही लिहून घ्यायचं असेल तर. साहेबांनी सगळं सांगितलं. पायऱ्या, मनगट, मतं मागत फिरणं, छापील कागद. काही गाळलं नाही. आचारी भाषांतर करता करता मध्येच थांबला आणि म्हणाला, “साहेब, एवढं सगळं सांगायलाच हवं का?” “सांग,” साहेब म्हणाले.

प्रोदाननं ऐकून घेतलं. मग तो काहीतरी बोलला, छोटंसं.

“विचारतोय, कुत्री कुणाकडे आहे? एक मेलं, दुसरी होती ना.”

साहेबांना माहीत नव्हतं. शेरीफ गसलाही नव्हतं. साहेब तिथूनच उठले. रस्ते बर्फानं बंद होते, फोर्ड चालणार नव्हती. त्यांनी लोहाराची घोड्यांची घसरगाडी मागून घेतली आणि चौदा मैलांवरच्या मेंढ्यांच्या वाड्याकडे निघाले. लेनाला घरी जा म्हणाले, ती गेली नाही. घोंगडीत पाय गुंडाळून शेजारी बसली. उजेडातच पोचले. कुत्री तिथं होती. गोठ्यात गवतावर, पोटाशी तीन पिल्लं. साहेबांनी वाकून ती एकेक उचलून पाहिली, जणू कोर्टात हजर करायची आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात गस मॅकॉलीनं दोर आपल्या डेप्युटीच्या हातात दिला. गस साहेबांना हलकेच म्हणाला, “ऑरिन, मला माफ कर रे.” “तुला कशाबद्दल?” साहेब म्हणाले. मग ते पुढे झाले आणि प्रोदानला हातवारे करून, आचाऱ्यानं रात्रीत शिकवलेल्या मोडक्या रुमानियनमध्ये सांगितलं की कुत्री बरी आहे, खाते, तीन पिल्लं आहेत, एक पूर्ण काळं. प्रोदाननं काळ्या पिल्लाबद्दल आणखी काहीतरी विचारलं. तेवढे शब्द साहेबांना येत नव्हते. त्यांनी आचाऱ्याला हाक मारली, पण आचारी फाटकाबाहेर पाठ करून उभा होता, आणि वेळ झाली होती.

त्यानंतर ऑरिन हॅस्केल दहा वर्षं जगले.

सिनेटचा राजीनामा त्यांनी त्याच आठवड्यात दिला. पुलाचा राग होताच, त्यामुळे गावानं आग्रह केला नाही. चार ओळींचं विधेयक ते दर दोन वर्षांनी नव्या सिनेटरकडे पाठवत. लेना टाइप करी, प्रत्येक वेळी नव्यानं, जुनी प्रत पुन्हा वापरू देत नसत. ते दर वेळी समितीत मेलं. बॉवेननं एकदा पत्र लिहिलं की यंदा मी आजारी होतो. त्याचं उत्तर साहेबांनी सभ्यपणे दिलं.

वकिली चालू राहिली, कारण दुसरं काय करणार. पण दुपारचं हॉटेल सुटलं. कोर्टातली कागद दाखल करायची खिडकी सकाळी आठला उघडे आणि पाचला बंद होई. तेवढ्या वेळात ऑफिस एक मिनिटही रिकामं राहायचं नाही, असा त्यांनी नियम केला. दोघांपैकी एकानं खुर्चीत असायचंच. लेना जेवून आली की मग ते डबा उघडत, तोही तिथंच. बायको ऑगस्टा तापानं अंथरुणाला खिळली होती त्या वर्षीही पाच वाजल्याशिवाय उठले नाहीत, आणि मग मात्र धावत घरी जात.

“कोण येणार आहे एवढं?” लेनानं एकदा विचारलं.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “तेच तर.”

डॅन टिलरी कधीकधी येऊन समोरच्या खुर्चीत बसे. हवा, गहू, पोटाची तक्रार. मग एका दुपारी, काही विषय नसताना, तो म्हणाला, “मी त्या दिवशी तुला न विचारता सही करायला हवी होती, ऑरिन.” साहेबांनी टाक पुसून ठेवला. “आणि मी तुला करू द्यायला हवी होती,” ते म्हणाले. “खोटं बोललो असतो. पण त्या खोट्यानं तो जगला असता, आणि माझं काय झालं असतं? फार तर मी वाईट वकील झालो असतो. तो तर झालोच.” टिलरी पुन्हा आठवडाभर आला नाही.

१९३१च्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी, लेना एक वाजता जेवून परतली तेव्हा साहेब खुर्चीत होते, चष्मा नाकावर, समोर कुणाच्या तरी पाण्याच्या पाळीचा अर्ज. डॉक्टर म्हणाले, पाव तास झाला असेल. पाच वाजायला अजून अवकाश होता. डॉक्टर गेले, ऑगस्टाबाईंना आणायला माणूस गेला, आणि लेना पाचपर्यंत आपल्या जागेवर बसून राहिली, कारण ऑफिस रिकामं ठेवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेलेनाच्या वर्तमानपत्राचा माणूस आला. सिनेटर होते, काही बोलले का शेवटी? कायद्याबद्दल, त्या जुन्या प्रकरणाबद्दल? लेनानं आठवून पाहिलं. बाराला ती टोपी घालत होती. साहेबांनी अर्जातून मान वर केली होती, आणि रोज म्हणत तसंच म्हणाले होते,

“तू सावकाश जेवून ये, लेना. मी आहे इथं.”